तुमची सुरी ‘टोमॅटो टेस्ट’ पास होते का?

आज ऑफिसमधून घरी गेलात की एक छोटासा प्रयोग करा. फ्रिजमधला चांगला पिकलेला टोमॅटो काढा, चॉपिंग बोर्डवर ठेवा आणि तुमची रोजची सुरी त्याच्या सालीवर नुसती टेकवून स्वतःकडे ओढा. जोर लावायचा नाही. सालीवर बारीक रेघ उमटून पातं आपोआप आत उतरलं, तर तुम्ही हे पान उलटून राशिभविष्य वाचायला मोकळे. पण सुरी सालीवरून घसरली, किंवा टोमॅटो आधी दबला, मग फुटला आणि बिया थेट टी-शर्टवर आल्या, तर मग बसा जरा. हा कॉलम आज तुमच्यासाठीच आहे.

भाड्याच्या फ्लॅटमधल्या किचनमध्ये साधारण तीन प्रकारच्या सुऱ्या असतात, हे मी पुण्यातल्या तीन फ्लॅट्सच्या आणि सात फ्लॅटमेट्सच्या अनुभवावरून सांगतेय. पहिली, आधीचा भाडेकरू मागे ठेवून गेलेला. तिचं टोक तुटलेलं असतं, कारण तिनं कुणीतरी कधीतरी डब्याचं झाकण उघडलेलं असतं. दुसरी, कंपनीच्या दिवाळी गिफ्टमधल्या लाकडी ठोकळ्यात रुबाबात उभी असलेली मोठी शेफ्स नाइफ, जिला सगळे घाबरतात. आणि तिसरी, आईनं निघताना पिशवीत कोंबलेली लाल प्लॅस्टिकच्या मुठीची चिमुकली. शंभरातली नव्वद कामं तीच करते, पॅकिंगची टेप कापण्यापासून फणसाचे गरे सोडवण्यापर्यंत. या तिघींमध्ये एक गोष्ट कॉमन, आणलेल्या दिवसापासून एकीलाही कुणी धार लावलेली नसते.

आपल्याकडे एक समज फार पक्का आहे. बोथट सुरी म्हणजे सेफ सुरी. माझ्या फ्लॅटमेटचाही होता. गेल्या पावसाळ्यात एका रात्री तिनं लाल भोपळा कापायला घेतला. भोपळ्याची साल कडक, सुरी बोथट, त्यामुळे बाईंनी दोन्ही हातांचा भार दिला. सुरी सालीवरून सटकली आणि डाव्या हाताच्या तर्जनीवर आली. तीन टाके, टिटॅनसचं इंजेक्शन आणि कीबोर्डवर आठवडाभर नऊच बोटं. दवाखान्यातून येताना रिक्षात ती म्हणाली, ‘बरं झालं सुरीला धार नव्हती, नाहीतर बोटच गेलं असतं.’

मला हे अजिबात पटलं नाही, आणि तेव्हापासूनच मी या विषयाच्या मागे लागले. कारण फंडा सरळ आहे, शाळेतलं विज्ञान. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. धार जितकी बारीक, तितक्या कमी जोरात ती आत शिरते. धार गेली की तो जोर तुमच्या खांद्यातून यावा लागतो, आणि खांद्यातून आलेला जोर सुरी घसरल्यावर ऐन वेळी थांबवता येत नाही. धारदार सुरी जिथे टेकवाल तिथेच कापते. बोथट सुरी कुठे जाईल याचा नेम नाही. धारदार सुरीनंही बोट कापतं, हे खरंच. पण तिला हात हलका लागतो आणि हलक्या हाताला आवरायला वेळ मिळतो.

दुसरा पुरावा कांद्याचा. कांदा कापताना आपण रडतो, कारण त्याच्या पेशी फुटल्या की आतली द्रव्यं एकमेकांत मिसळून डोळ्यांना झोंबणारं एक रसायन तयार होतं. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी चक्क एक छोटी गिलोटीन उभी करून कांदे कापले आणि हाय-स्पीड कॅमेऱ्यानं उडणारे थेंब टिपले. निष्कर्ष असा, की पातं जितकं बोथट, तितके थेंब जास्त आणि वेगही जास्त. बोथट पातं आधी कांद्याचा पापुद्रा दाबतं, आत प्रेशर साठतं आणि मग तो पापुद्रा फुटतो. सटासट कापलं तरीही थेंब वाढतात, तेव्हा टीव्हीवरच्या शेफची नक्कल करण्यापेक्षा धारदार सुरी आणि निवांत हात बरा. कांदा पाण्यात बुडवा, तोंडात पाव धरा, स्विमिंगचा गॉगल लावा, असले सगळे नुस्खे करून झाले असतील तर आता हाही करून बघा.

आता धार म्हणजे नेमकं काय? पात्याच्या दोन बाजू खाली उतरत उतरत जिथे मिळतात ती रेघ. ती जितकी बारीक, तितकी धार. आणि ती दोन तऱ्हांनी जाते. एक तर झिजून गोल होते, नाहीतर एका बाजूला वाकते, कागदाची कड दुमडावी तशी. स्टीलच्या ताटात काकडी कापलीत, ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट मिरची चिरलीत किंवा काचेचा तो सुंदर चॉपिंग बोर्ड वापरलात की हे दोन्ही वेगानं होतं. लाकूड किंवा साधं प्लॅस्टिक पात्याला सोसतं, काच आणि दगड सोसत नाहीत. आणि कडकच वस्तू लागते असंही नाही. २०२० मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की दाढीचं ब्लेड केसानं खराब होतं. केस पोलादापेक्षा जवळजवळ पन्नास पट मऊ, तरी काही विशिष्ट कोनांतून आला की ब्लेडच्या धारेचे बारीक टवके काढतो. मग आपल्या लाल मुठीच्या सुरीनं वर्षानुवर्षं फणस आणि कार्टन सोसलेत, तिचं काय झालं असेल!

आपल्या आयांना आणि आज्यांना हे सगळं लेक्चर न ऐकता माहीत होतं. माझ्या आजीची विळी अजून गावी आहे. लोखंडी पातं, टोकाला नारळ खवायची खवणी, आणि पाट इतका गुळगुळीत झालाय की त्यावर तोंड दिसेल. विळीची गंमत अशी, की पातं जागचं हलत नाही, भाजी हलते. धारही तशीच लागते. दगडाचा तुकडा हातात आणि तो पात्यावरून वर-खाली. आजी श्रीखंड-पुरीच्या दिवसाआधी हे काम करायची, कारण त्या दिवशी काकड्यांची कोशिंबीर पाहुण्यांसाठी डझनाच्या हिशेबानं चोचवायची असे. लोखंडी पातं गंजतं, चिंच-लिंबानं काळं पडतं, पण धार पटकन घेतं. मग घराघरांत उभे ओटे आले, स्टेनलेस स्टील आलं, विळी माळ्यावर गेली आणि धार लावायचा दगडही तिच्याबरोबर वर गेला असावा. आमच्या पिढीला सुरी मिळाली, दगड मिळाला नाही.

आईकडे त्याची एक पळवाट होती, तुमच्याही आईकडे असेल. चिनी मातीचा कप उलटा करायचा आणि तळाच्या खरखरीत कडेवर सुरी घासायची. हसू नका, हे खरंच चालतं. त्या कडेला ग्लेझ नसतो आणि भाजलेली चिनी माती पोलादाला पुरून उरते. पाहुणे दारात आणि कलिंगड ओट्यावर असेल तेव्हा हा उपाय झकास. कडप्प्याच्या ओट्याच्या कडेवर सुरी फर्रफर्र घासणाऱ्या मावश्याही मी पाहिल्यात. कडप्पा हा चुनखडीचा भाऊबंद, पोलादापेक्षा मऊ. त्यानं वाकलेली धार जराशी सरळ होते, पण गेलेली धार परत येत नाही.

तेच त्या लांब दांडीचं. कुकरी शोमध्ये शेफ ज्यावर सुरी सप-सप फिरवतो ना, त्या गुळगुळीत स्टीलच्या दांडीनं नवी धार येत नाही, वाकलेली धार उभी राहते. बघायला जाम स्टायलिश आहे, आणि सुरी मुळात धारदार असेल तर उपयोगीही आहे. पण पाच वर्षांची बोथट सुरी त्यावर अर्धा तास फिरवलीत तरी तुमचा फक्त दंड दुखेल.

आणि दहा मिनिटांत घरपोच मिळणारं ते प्लॅस्टिकचं यंत्र, ज्याच्या खाचेतून सुरी ओढायची असते? त्याच्या पहिल्या खाचेत बहुतेक वेळा कार्बाइडच्या दोन कडक पट्ट्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बसवलेल्या असतात. त्या धार घासत नाहीत, खरवडतात. पात्याच्या कडेचं पोलाद कीस पडल्यासारखं निघतं, कोन यंत्र ठरवेल तोच, आणि तीन-चार ओढींत सुरी कापायला लागते म्हणून आपण खूश. पण ती धार करवतीसारखी खडबडीत असते आणि लवकर जाते, की पुन्हा खरवडा. लाल मुठीच्या सुरीला हे चालेल, तिची किंमतच केवढी? पण पहिल्या पगारातून हौसेनं घेतलेल्या सुरीला मी तरी या खाचेत घालणार नाही.

उरला दगड. माझ्या मते घरच्या घरी याच्याइतकं स्वस्त आणि टिकाऊ दुसरं काही नाही. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, बाकी कुठल्याही गावात हार्डवेअरचं जुनं दुकान गाठा आणि ‘धार लावायचा दगड, दोन बाजूंचा’ असं मागा. एक बाजू जाड, एक बारीक. एका मोठ्या पिझ्झ्यापेक्षा कमी पैशात येतो आणि घरगुती वापरात वर्षानुवर्षं जातो. काळसर-करडा असेल तर बहुधा सिलिकॉन कार्बाइड. दुकानदार त्याला ‘कार्बोरंडम’ म्हणेल. या नावामागे झक्कास स्टोरी आहे. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला एडवर्ड अ‍ॅचेसन नावाचा अमेरिकन संशोधक भट्टीत कृत्रिम हिरे बनवायच्या खटपटीत होता. हिरे झाले नाहीत, हे कडक स्फटिक झाले. त्यानं त्यालाच कार्बोरंडम नाव दिलं, १८९३ मध्ये पेटंट घेतलं आणि जगभरच्या धार लावणाऱ्यांची सोय केली. जपानी वॉटरस्टोन घेणार असाल तर नंबर बघा. ४०० च्या आसपासचा जाड, १००० चा रोजच्या कामाचा, ३००० च्या पुढचा फिनिशिंगचा. पहिल्याच फटक्यात ६००० वर पैसे उडवू नका. टोमॅटोला आरशासारखी धार लागत नाही, थोडी दातरी असलेलीच बरी.

आता कृती. रविवारची सकाळ निवडा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. साधा हार्डवेअरचा दगड असेल तर दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. (काही महागडे दगड भिजवायचे नसतात, वरून पाणी शिंपडलं की पुरतं. खोक्यावर लिहिलेलं असतं, वाचा.) दगडाखाली ओला, पिळलेला नॅपकिन घाला म्हणजे तो सरकणार नाही. ही पायरी गाळू नका, कारण घसरणारा दगड घसरणाऱ्या सुरीपेक्षा वाईट.

मग कोन. इथे बहुतेक लोक पळून जातात, कारण पुस्तकात ‘२० अंश’ लिहिलेलं असतं आणि शाळेतली कंपासपेटी कधीच हरवलेली असते. दोन सोप्या युक्त्या सांगते. चौकोनी कागदाचा कोपरा ९० अंशांचा. तो मधोमध दुमडला की ४५, पुन्हा दुमडला की साडेबावीस. तो त्रिकोण दगडावर उभा धरा आणि सुरी त्याला टेकवून बघा, डोळ्याला अंदाज येतो. दुसरी युक्ती बोटांची. मोठ्या सुरीचं पातं ४ सेंटीमीटर रुंद असेल, तर २० अंशांसाठी तिची पाठ दगडापासून साधारण १.४ सेंटीमीटर वर हवी, म्हणजे बऱ्याच जणांच्या करंगळीच्या टोकाएवढी. लाल मुठीच्या सुरीचं पातं २ सेंटीमीटरचं, तिला ७ मिलिमीटर पुरे, म्हणजे पेन्सिलीची जाडी. जपानी पद्धतीच्या पातळ सुऱ्या १५ अंशांच्या आसपास घासतात. पण खरं सांगू? १८ की २२ यानं आभाळ कोसळत नाही. एकदा धरलेला कोन शेवटपर्यंत तोच राहिला पाहिजे, एवढंच महत्त्वाचं.

तो राहतोय का, हे कळायला परमनंट मार्कर घ्या आणि पात्याच्या कडेवर दोन्ही बाजूंनी रेघ रंगवा. दोन-चार हात मारून बघा. शाई अगदी धारेजवळची गेली तर कोन बरोबर. फक्त वरची गेली आणि धारेची राहिली तर सुरी फार आडवी झालीय. नुसती टोकाची चिमूटभर गेली तर फार उभी. माझ्या मते या एका मार्करनं अर्धं शिक्षण होतं.

सुरी जाड बाजूवर ठेवा. उजव्या हातात मूठ, डाव्या हाताची दोन-तीन बोटं पात्याच्या सपाट अंगावर, धारेच्या अलीकडे. आता दगडावरून एक पातळ पापुद्रा कापून काढायचाय अशा बेतानं सुरी पुढे न्या आणि नेता नेता मुठीकडून टोकाकडे सरकवा, म्हणजे पूर्ण धार दगडावरून जाईल. टोकाजवळ पातं वळतं, तिथे मूठ किंचित वर. घाई करायची नाही. दगडावर काळसर चिखल जमेल, तो म्हणजे दगडाचा आणि पोलादाचा चुरा. मधूनमधून पाणी शिंपडत राहा.

किती वेळा घासायचं? इंटरनेटवर कुणी दहा सांगतं, कुणी पन्नास. आकड्यावर जाऊ नका. थांबायची खूण सुरी स्वतः देते. एक बाजू पुरेशी घासली गेली, की दुसऱ्या बाजूच्या कडेला पोलादाची एक बारीकशी कोर उलटून येते. वर्कशॉपमध्ये तिला ‘बर’ म्हणतात. डोळ्यांना दिसेलच असं नाही, पण अंगठ्याला लागते. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेकडे आणि तसाच बाहेर, अगदी हळू न्यायचा. धारेच्या लांबीतून कधीच नाही, नाहीतर आणखी तीन टाके. कड कुठेतरी अडकल्यासारखी, खरखरीत लागली की समजा बर आली. मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे लागली पाहिजे. मधे दोन सेंटीमीटर लागत नसेल तर तिथे अजून काम बाकी आहे. घरी धार लावणारे बहुतेक लोक इथेच, बर यायच्या आधीच, थांबतात आणि मग ‘दगडच भिकार’ म्हणून मोकळे होतात. फार बोथट सुरीला यायला पंधरा मिनिटंही लागू शकतात.

आली, की सुरी उलटी करा आणि दुसऱ्या बाजूनं तेच, म्हणजे बर पहिल्या बाजूला परत येईपर्यंत. मग दगडाची बारीक बाजू आणि हलका हात. शेवटी शेवटी एकदा ही बाजू, एकदा ती, नुसतं सुरीच्या स्वतःच्या वजनावर. आता ती बर काढून टाकायची, कारण ती ठेवलीत तर पहिल्या दोन कांद्यांतच मोडून पडते आणि सुरी पुन्हा बोथट. रविवारचा पेपर घ्या, चार घड्या घाला, ओट्यावर सपाट ठेवा आणि सुरी त्यावरून उलटी ओढा, म्हणजे धार मागे आणि पाठ पुढे. दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा. जुन्या सलूनमध्ये वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवत, तीच ही आयडिया. जुना लेदर बेल्ट असेल तर अजून मस्त. सुरी साबणानं धुवा, पुसा आणि दुसरा टोमॅटो काढा.

पहिल्या खेपेला सगळं मिळून तास जातो. सवय झाली की पंधरा-वीस मिनिटं. रोज दोन वेळचा स्वयंपाक असेल तर दोन-तीन महिन्यांनी दगड आणि अधूनमधून पेपर, एवढं पुरतं. सुरी चमच्यांच्या जाळीत कोंबू नका, आणि चिरलेली भाजी बोर्डावरून लोटायची असेल तर धारेनं नाही, पाठीनं लोटा. दगड मधोमध खोल झाला की जाड पॉलिश पेपर सपाट फरशीवर ठेवून, पाणी घालून त्यावर दगडच घासा. ब्रेडची दातेरी सुरी आणि पांढरी सिरॅमिकची सुरी मात्र या दगडावर आणू नका. पहिलीचे दाते जातील आणि दुसरीला हिऱ्याची पावडर लागते.

माझी फ्लॅटमेट आता ती दिवाळी गिफ्टवाली शेफ्स नाइफ वापरते. सुरुवातीला घाबरली होती. पण भोपळ्याची साल एका हलक्या ओढीत सुटली तेव्हा ‘हे असं असतं होय!’ म्हणून तिनं त्या रात्री अख्खा भोपळा चिरला आणि आम्ही चार दिवस भोपळ्याचं भरीत खाल्लं.

हे सगळं वाचून ‘मग धारवाल्याचं काय?’ असं कुणी विचारेल. विचारायलाच हवं, कारण यातलं बरंचसं मी एका धारवाल्या काकांकडूनच शिकले. सायकल स्टँडवर, पेडल मारलं की हँडलजवळचं चाक गरगरतं आणि ठिणग्या उडतात. लहानपणी आम्ही त्या ठिणग्या बघायला जिने उतरून धावायचो. १९७३ च्या ‘जंजीर’मध्ये जया भादुरीनं रस्त्यावर चाकू-सुऱ्यांना धार लावणाऱ्या मुलीचं काम केलं होतं, तेव्हा हा धंदा प्रत्येक गल्लीतला होता. त्याहून मागे गेलं तर कोल्हापूर-सांगलीकडचं शिकलगार हे आडनाव. ते आलं फारसीतून, सैकल म्हणजे चकाकी, तिच्यावरून सैकलगर, म्हणजे तलवारींना धार आणि पॉलिश करणारा.

मी काकांना विचारलं होतं, ‘काका, घरी दगडावर करायचं तर कसं?’ वाटलं होतं चिडतील, गिऱ्हाईक जातंय म्हणून. ते म्हणाले, ‘ताई, सुरी दगडावर निजवायची, पण झोपवायची नाही.’ त्यानंतर जगातले सगळे अंश मला कळले. त्यांनी हेही सांगितलं, की फिरतं चाक कोरडं आणि जास्त जोरात धरलं तर पातं तापतं, कडेला निळसर छटा येते आणि मग त्या जागी धार टिकत नाही. म्हणून ते सुरी दर दोन फेऱ्यांनी डब्यातल्या पाण्यात बुडवतात. धारवाला पारखायचा असेल तर आधी त्याचा पाण्याचा डबा बघा. शिवाय सगळंच घरी होत नाही. कात्रीच्या दोन पात्यांचा मेळ, टोक तुटलेल्या सुरीला नवं टोक, आजीच्या विळीचा पडलेला खळगा, ही चाकावरचीच कामं. मी करत नाही, त्यांच्याकडे देते.

म्हणजे, द्यायचे. आमच्या सोसायटीच्या गेटवर आता अ‍ॅप आहे. पिझ्झावाला आत येतो, कुरियरवाला येतो, दहा मिनिटांत कोथिंबीर आणणारा तर दिवसातून चाळीस वेळा येतो, कारण त्या सगळ्यांना कुणीतरी बोलावलेलं असतं. धारवाल्याला कुणी बोलावत नाही, तो स्वतः हाक देत येतो, आणि अ‍ॅपमध्ये हाकेसाठी बटण नाही. वॉचमन त्यांना थांबवतो, त्याचाही नाइलाज आहे. काका दोन-तीनदा बाहेरूनच ओरडले. अकराव्या मजल्यावर, बंद खिडक्या आणि एसीच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? पाचशे फ्लॅट्स, म्हणजे हजारभर सुऱ्या तरी असतील, आणि त्यांना दिवसभरात दोन कात्र्या मिळाल्या.

म्हणून गेल्या आठवड्यात मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, महिन्यातला पहिला रविवार, सकाळी दहा ते बारा, काकांना क्लबहाउसच्या बाहेर बसू द्यावं, गेटवर नाव नोंदवून. आतापर्यंत सव्वीस जणांनी अंगठा दाखवलाय. एकानं विचारलंय, ते यूपीआय घेतात का. घेतात, सायकलच्या दांड्यावर कोड चिकटवलाय. बी विंगमधल्या एका काकूंनी लिहिलंय, ‘माझ्याकडे दोन विळ्या आहेत.’ सेक्रेटरींचं उत्तर अजून यायचंय.